मुखप्रदेशातील वेदना व इतर अंगांतील वेदना : भेद आणि चिकित्सेतील त्याचे महत्त्व

प्रास्ताविक

वैद्याकडे येणाऱ्या रुग्णांची पहिली तक्रार पुष्कळदा शूल हीच असते. कटिशूल, जानुशूल, पार्ष्णिशूल यांच्या चिकित्सेत आपला हात सरावलेला असतो. मात्र तोच लेप, तोच स्वेद आणि तोच दाब गालावर, शंखप्रदेशी किंवा कपाळावर जसाच्या तसा वापरला, तर अपेक्षित उपशय मिळेलच असे नाही; प्रसंगी उपद्रवच वाढतो. दाढ दुखते म्हणून एकामागून एक निरोगी दात काढून झाले आणि वेदना मात्र होती तशीच राहिली, असा रुग्ण बहुतेक अनुभवी वैद्यांच्या पाहण्यात असतो. शंखप्रदेशातील दुखणे साधे शिरःशूल समजून काही दिवस दवडले आणि दृष्टी गेली, असेही घडते.

मुखप्रदेशाची संवेदनक्षमता इतर अंगांहून केवळ प्रमाणाने अधिक आहे, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. हा भेद स्पर्शाच्या सूक्ष्मतेत, वेदनेच्या स्थाननिश्चितीत, नाडीमार्गात आणि मनावरील परिणामात असा अनेक पातळ्यांवर आहे. प्रस्तुत लेखात या भेदाचे शारीर समजावून घेऊन परीक्षण, चिकित्सा आणि औषधविक्री यांत त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार केला आहे.

संहितांचा दृष्टिकोन

चरकाचार्यांनी शिर हे प्राणांचे व सर्व इंद्रियांचे आश्रयस्थान मानले असून हृदय व बस्ती यांच्यासह त्याची गणना तीन प्रधान मर्मांत केली आहे. वेदनांचे अधिष्ठान सांगताना त्यांनी मन आणि इंद्रियांसहित देह अशी दोन्ही स्थाने सांगितली आहेत. केस, लोम, नखाग्रे यांना वगळले आहे. स्पर्शनेंद्रिय सर्व इंद्रियांना व्यापून असते व त्याचा मनाशी नित्य संबंध असतो, हेही त्यांचेच प्रतिपादन आहे. वेदना ही केवळ त्वचेची घटना नसून तिला मनाची बाजू असते, हा या विवेचनाचा आशय पुढील विचारासाठी महत्त्वाचा आहे.

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे जत्रूच्या वर सांगितली आहेत. शंख, आवर्त, अपांग, फण, स्थपनी, शृंगाटक ही त्यांतील मुखप्रदेशाशी निगडित मर्मे होत. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. परिणामानुसार केलेल्या पाच प्रकारांत ‘रुजाकर’ मर्मे केवळ ८ आहेत आणि ती सर्व हातापायांत आहेत : २ गुल्फ, २ मणिबंध व ४ कूर्चशिर. मुखावरील एकही मर्म रुजाकर वर्गात नाही. म्हणून ‘मुख सर्वाधिक वेदनाशील असल्यामुळे तेथे मर्मे अधिक’ असा अर्थ संहितेवर लादणे योग्य नाही. हे वर्गीकरण वेदनेच्या तीव्रतेचे नसून आघातानंतरच्या परिणामाचे आहे. मणिबंध व गुल्फ यांच्या आघातात शूल हा मुख्य परिणाम असतो. फण, अपांग, विधुर यांच्या आघातात अनुक्रमे गंध, दृष्टी व श्रवण यांची हानी होते. शंखमर्माच्या आघातात तर प्राणच जातो. मुखावरील शूलाकडे पाहताना ‘दुखते किती’ यापेक्षा ‘धोक्यात काय आहे’ हा प्रश्न आधी विचारावा, अशी ही दृष्टी आहे.

शारीर

मान व धड, हात व पाय यांच्या त्वचेतील वेदना सुषुम्नेतून निघणाऱ्या नाड्यांमार्फत वर जाते. मुखप्रदेशाची व्यवस्था वेगळी आहे. कपाळ, डोळा, नाक, गाल, दात, हिरड्या व हनुवटी यांची संवेदना पाचवी शीर्षण्य नाडी, म्हणजेच त्रिधारा किंवा ट्रायजेमिनल नाडी, तीन शाखांनी थेट मस्तिष्काच्या कांडात नेते. पहिली शाखा कपाळ, वरची पापणी, नेत्र व नासाग्र यांची. दुसरी खालची पापणी, गाल, वरचा ओठ व वरचे दात यांची. तिसरी हनुवटी, खालचे दात, जिभेचा पुढील भाग व कानापुढील भाग यांची. तिसऱ्या शाखेत चर्वणाच्या पेशींना चालना देणारे तंतूही असतात.

दोन बारकावे व्यवहारात उपयोगी पडतात. पहिला असा की, हनुकोनावरील त्वचा त्रिधारा नाडीच्या क्षेत्रात येत नाही. तिला मानेतील दुसऱ्या व तिसऱ्या नाडीचा पुरवठा असतो. संपूर्ण अर्धा चेहरा हनुकोनासहित बधिर झाल्याचे रुग्ण सांगत असेल, तर कारणाचा शोध त्रिधारा नाडीपुरता मर्यादित ठेवू नये. दुसरा असा की, त्रिधारा नाडीचे वेदनाकेंद्र खाली सुषुम्नेच्या ग्रीवाभागापर्यंत उतरते आणि तेथे मानेच्या वरच्या नाड्यांचे तंतूही येऊन मिळतात. त्यामुळे मानेतील दोष कपाळावर किंवा डोळ्यामागे जाणवतो. अनंतवाताच्या वर्णनात मन्या व घाटा यांपासून आरंभ होऊन नेत्र, भ्रू व शंख येथे वेदना स्थिर होते, असा जो क्रम सुश्रुताचार्यांनी सांगितला आहे, तो या रचनेशी जुळणारा आहे.

वेदनासंवेदनेतील भेद

१. स्पर्शाची सूक्ष्मता : दोन टोके एकाच वेळी त्वचेवर टेकवली असता ती दोन म्हणून ओळखू येण्यासाठी किती अंतर लागते, याची मोजणी जर्मन शास्त्रज्ञ ई. एच. वेबर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू केली. बोटांच्या अग्रावर हे अंतर सुमारे २ ते ३ मिलिमीटर, ओठांवर सुमारे ५ मिलिमीटर, तर पाठ, मांडी व पोटरी येथे सुमारे ४० मिलिमीटर भरते. पेनफिल्ड व बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये मस्तिष्काच्या पृष्ठभागाचा नकाशा प्रसिद्ध केला; त्यात मुख व हात यांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली दिसते.

२. वेदनेची स्थाननिश्चिती : स्पर्शाची सूक्ष्मता आणि वेदनेची सूक्ष्मता या दोन्ही एक नव्हेत. लंडन येथील संशोधकांनी २०१४ मध्ये, त्वचेला न शिवता केवळ लेसर किरणांनी वेदना उत्पन्न करून, शरीरभर ही मोजणी केली. वेदनेचे स्थान सर्वांत अचूक ओळखणारी क्षेत्रे कपाळ व बोटांची अग्रे ही ठरली. मात्र हे त्वचेपुरतेच खरे आहे. दाताच्या गाभ्यातील वेदना वरच्या दाताची की खालच्या, हेही पुष्कळदा रुग्णाला सांगता येत नाही. कपाळावरील बोट अचूक, पण जबड्यावरील बोट फसवे, हा विरोधाभास मनात ठेवावा.

३. उष्ण-शीत संवेदना : थंड व गरम यांतील सूक्ष्म फरक ओठ व गाल सर्वांत लवकर ओळखतात, पाऊल सर्वांत उशिरा. वार्धक्यात ही शक्ती पावलांत बरीच मंदावते, परंतु मुखावर त्या मानाने टिकून राहते. म्हणून वृद्ध व प्रमेही रुग्णाच्या पायावरील स्वेदात ‘चटका बसतो का’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये. मुखावर मात्र रुग्णाने ‘पोळते’ म्हटले की तत्काळ थांबावे.

४. काळ : पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. वेगवान व मंद अशा दोन प्रकारच्या तंतूंच्या गतीतील हा फरक आहे. मंद तंतूंचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर एवढाच असतो. मुखापासून मस्तिष्क जवळ असल्याने दोन्ही संवेदना जवळजवळ एकत्रच पोचतात. त्यामुळे मुखावरील वेदना एकदम व पूर्ण तीव्रतेने आल्यासारखी वाटते.

५. नेत्र व दंत : नेत्राच्या कृष्णमंडलात वेदनावाहक अग्रांची दाटी त्वचेहून शेकडो पटींनी अधिक असते. दंतमज्जेला कोणताही उत्तेजक लावला तरी प्रतीती मुख्यतः वेदनेचीच होते. असे अवयव इतर अंगांत नाहीत.

मनाशी संबंध

शिरःशूल व मुखशूल रुग्णाला अधिक का खचवतात, याचे एक उत्तर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून दिले. मुखाच्या वेदनातंतूंपैकी काही तंतू मस्तिष्ककांडातील भय व अस्वस्थता यांच्याशी जोडलेल्या केंद्राला मधला टप्पा टाळून थेट जाऊन मिळतात. इतर अंगांचे तंतू तेथे सुषुम्नेतील टप्प्यामार्गेच पोचतात. माणसातही हाच मार्ग आहे, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. तथापि जर्मनीत २०१६ मध्ये निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात, तीव्रता समान ठेवली असतानाही हातावरील वेदनेपेक्षा मुखावरील वेदनेचे भय अधिक आढळले. वेदनेचे अधिष्ठान मन व देह असे दोन्ही आहे, या चरकमताचा हा एक बोलका दाखला होय. मुखशूलाच्या रुग्णाची घाबरगुंडी हे ढोंग किंवा अल्पसत्त्वाचे लक्षण मानून दुर्लक्षू नये. आश्वासन हा तेथे चिकित्सेचाच भाग आहे.

रुग्णपरीक्षण

मुखशूलाच्या रुग्णाचे परीक्षण पुढील क्रमाने करावे. त्यास पाच मिनिटे पुरतात.

(१) वेदनेची जागा रुग्णाला एका बोटाने दाखवण्यास सांगावे. ती कोणत्या शाखेच्या क्षेत्रात येते, मध्यरेषा ओलांडते का, हे पाहावे.
(२) कापसाने व बोथट टोकाच्या काडीने तिन्ही शाखांची क्षेत्रे दोन्ही बाजूंस तपासावीत. तुलना नेहमी चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूशी करावी, हातापायाशी करू नये.
(३) वेग किती काळ टिकतो ते विचारावे : काही सेकंद, काही तास की अखंड.
(४) तोंड उघडताना, चावताना, दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागताना वेदना उठते का, हे विचारावे.
(५) शंखप्रदेशातील धमनी, हनुसंधी, दात, कान व डोळे पाहावेत.
(६) वेदनेला रुग्णानेच ० ते १० असा अंक द्यावा व तो प्रत्येक भेटीत नोंदवावा. वैद्याने मुखावरील ७ हा अंक आणि गुडघ्यावरील ७ हा अंक एकच समजू नये.

निदानात चुकण्याच्या जागा

त्रिधारा नाडीशूल : गालात किंवा जबड्यात विजेचा झटका बसल्यासारखी कळ, सेकंदापासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी, एका बाजूची व क्षुल्लक स्पर्शाने उठणारी. पन्नाशीनंतर व स्त्रियांत अधिक. मस्तिष्ककांडाजवळ एखादी धमनी नाडीवर टेकणे हे त्याचे नेहमीचे कारण. दात ठोकून, थंड-गरम लावून दंतदोष सिद्ध झाल्याखेरीज दात काढण्याचा सल्ला देऊ नये. वय चाळिशीच्या आत असेल, शूल दोन्ही बाजूंस असेल किंवा मुखाचा भाग बधिर असेल, तर एम.आर.आय. करून घ्यावा. अनंतवाताशी या व्याधीचे साम्य अनेक वैद्य मांडतात. परंतु अनंतवाताच्या वर्णनात नेत्ररोग व हनुग्रहही येतात. म्हणून दोन्ही नावे सरसकट समानार्थी वापरू नयेत.

शंखप्रदेशातील धमनीदाह : पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेला शंखशूल, केस विंचरताना टाळू दुखणे, चावता चावता जबडा भरून येऊन थांबावे लागणे, ज्वर, कृशता. आधुनिक वैद्यकात यास जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात. यात अचानक कायमचे अंधत्व येऊ शकते. असा संशय येताच रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. शंखक व्याधीत आचार्यांनी तीन दिवसांची मर्यादा सांगून जी त्वरा सुचवली आहे, ती त्वरा येथेही लागते.

नागीण : कपाळावरील पुरळाच्या आधी काही दिवस केवळ दाह व शूल असू शकतो. पुरळ नासाग्रावर किंवा नाकाच्या बाजूस उठले, तर नेत्र धोक्यात आहे असे समजावे. विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू होणे इष्ट असते. लेप लावून वाट पाहू नये.

अधिमंथ : लाल डोळा, धूसर दृष्टी, दिव्याभोवती वलये, उलटी व अर्ध्या डोक्याचा तीव्र शूल. अर्धावभेदक समजून नस्य देत बसल्यास दृष्टी जाते.

हृद्रोग : श्रमाने उठणारा व विश्रांतीने शमणारा जबड्याचा शूल हा दंतशूल नव्हे, हृदयाची तपासणी तातडीने करावी.

कुष्ठरोग : बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण आपण जाणतो. परंतु मुखाला नाडीपुरवठा विपुल असल्याने चेहऱ्यावरील चट्ट्यात बधिरता अस्पष्ट असू शकते किंवा नसतेही. ‘टोचलेले समजते, म्हणजे कुष्ठरोग नाही’ हा निष्कर्ष हातापायापेक्षा चेहऱ्यावर अधिक फसवा ठरतो.

चिकित्साविचार

लेप : मुखत्वचा पातळ आहे आणि औषधाचे शोषण तेथे अधिक होते. फेल्डमन व मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण मोजले. अग्रबाहूवरील शोषण १ मानले, तर कपाळावर ते सुमारे ६ पट आणि जबड्याच्या कोनावर सुमारे १३ पट आढळले. तळपायावर मात्र ते अग्रबाहूच्या सातव्या भागाएवढेच होते. हे प्रमाण प्रत्येक द्रव्यास तंतोतंत लागू होणार नाही, परंतु दिशा स्पष्ट आहे. वाग्भटाचार्यांनी मुखलेपाची स्वतंत्र जाडी पाव, तृतीयांश व अर्धा अंगुळ अशी सांगितली. लेप वाळू देऊ नये, काढताना ओला करून काढावा व नंतर अभ्यंग करावा, असा विधी घालून दिला. लेप लावलेला असताना बोलणे व अग्नी-आतपाचे सेवनही त्यांनी वर्ज्य सांगितले. वाळलेला लेप ओरबाडून काढण्याने होणारी पीडा गुडघ्यावर नगण्य असते. मुखावर तीच नाडीशूलाचा वेग उठवू शकते.

मरिच, पिप्पली, शुंठी, राजिका, लसूण यांसारखी तीक्ष्ण द्रव्ये संधिशूलात उपयोगी पडतात. मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहीमुळे जाळतो, तोच ग्राही उष्णतेचा चटकाही ओळखतो, हे डेव्हिड ज्युलियस यांनी दाखवून दिले. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मरिचातील पाइपरीनही याच ग्राहीवर कार्य करते. मुखावर अशा द्रव्यांचा लेप टाळावा. लसणाच्या कल्काने त्वचेवर खरोखर भाजल्यासारखे व्रण होतात. भल्लातकयुक्त कल्पाचे तर नावही काढू नये.

अभ्यंग, स्वेद व नस्य : नस्यापूर्वी मुखाभ्यंग व मृदु स्वेद हा आपला नित्यक्रम आहे. त्रिधारा नाडीशूलात जी जागा स्पर्शाने वेग उठवते, ती जागा सोडून मान, घाटा व स्कंध येथेच अभ्यंग करावा. नेत्रांवर ओले वस्त्र ठेवावे. आहाराबाबत अनंतवातात सुश्रुताचार्यांनी सांगितलेले संयाव, घृतपूर यांसारखे वातपित्तशामक, स्निग्ध व मधुर पदार्थ व्यवहारातही सोयीचे आहेत. मऊ पदार्थांना चावावे लागत नाही, त्यामुळे वेगाचे एक निमित्त टळते.

अग्निकर्म : शिरोरोग व अधिमंथ यांत भ्रू, ललाट व शंख येथे दाह करण्याचा निर्देश सुश्रुतसंहितेत आहे. तथापि शंखप्रदेशातून पापणी व भुवई हलवणाऱ्या नाडीची शाखा आणि धमनी त्वचेखालूनच जातात, व्रणचिन्ह कायम दिसते, आणि अधिमंथात आज तातडीची नेत्रचिकित्सा उपलब्ध आहे. गुल्फावरील अग्निकर्माचा सराव हा मुखावरील अग्निकर्माचा परवाना नव्हे.

चालू औषधे : त्रिधारा नाडीशूलाचे अनेक रुग्ण कार्बामाझेपिन घेत असतात. ते एकाएकी बंद करू नये. पाइपरीनमुळे या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. म्हणून त्रिकटुयुक्त कल्प देताना भोवळ, तोल जाणे, अतिनिद्रा यांकडे लक्ष ठेवावे. पुरळ उठल्यास रुग्णास त्वरित मूळ चिकित्सकाकडे पाठवावे.

औषधालयचालकांसाठी

‘दाढ दुखते, काहीतरी द्या’ असे म्हणणारा रुग्ण वैद्याआधी आपल्याकडे येतो. पुढील गोष्टी पाळल्यास त्याचे मोठे हित होईल.

• वेदनाशामक मलम देताना ते सांध्यासाठी की कपाळासाठी, हे विचारावे. डोळ्यांभोवती, ओठांवर व नाकाच्या आत लावू नये, हे तोंडी सांगावे.
• दोन वर्षांखालील बालकाच्या नाकाजवळ कापूर किंवा मेंथॉल असलेले मलम लावू देऊ नये. श्वासावरोधाचा धोका असतो.
• लवंगतेल कापसाच्या बोळ्यावर, थेंबभर व दातापुरतेच वापरावयास सांगावे. हिरडी व ओठ भाजतात.
• स्टेरॉइडमिश्रित मलम चेहऱ्यासाठी चिठ्ठीविना देऊ नये.
• एकाच गालाच्या शूलासाठी तोच रुग्ण तिसऱ्यांदा गोळ्या मागू लागला, तर गोळ्यांऐवजी वैद्याचा किंवा दंतवैद्याचा पत्ता द्यावा.

उपसंहार

मुखप्रदेशाची वेदना ही गुडघ्याच्या वेदनेची मोठी आवृत्ती नव्हे. तिचा नाडीमार्ग वेगळा, त्वचा पातळ, शोषण अधिक, मनावरचा घाला खोल आणि शेजारी नेत्र व मस्तिष्क. संहिताकारांनी मुखासाठी लेपाचे निराळे प्रमाण, शिरोरोगांचे निराळे अध्याय आणि मर्मांचे परिणामानुसार वर्गीकरण दिले, त्यामागे हाच विवेक आहे. चेहरा दुखतो म्हणणाऱ्या रुग्णाबाबत औषधाचे नाव लिहिण्यापूर्वी शाखा कोणती, वेग किती काळाचा आणि दृष्टीस धोका आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे वैद्याच्या नोंदवहीत असली पाहिजेत.